डकोटाचं डावं दार

दातांच्या कवळ्या करणाऱ्या माणसाने विमान करायला घेतलं तर काय होतं, ते माझ्या बायकोला विचारावं. मी सांगायला बसलो की माझीच बाजू घेणार, आणि या प्रकरणात माझी बाजू काही फार चांगली नाही. तरी सांगतो.

बारामतीत एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर आमचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत माझी लॅब. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन माझ्याकडे पाठवतात, त्यावरून मी कवळी करून देतो. पस्तीस वर्षं हेच काम. ऊस खाऊ नका म्हणून बजावलं तरी लोक खातात, आणि मग तुटलेली कवळी रुमालात बांधून आणतात. मी तोंडाने चिडतो आणि हाताने जोडून देतो. जोड असा की डोळ्याला दिसणार नाही आणि जिभेला लागणार नाही. आमच्या धंद्यात तेवढीच इज्जत असते. डोळ्याला एक वेळ फसवता येतं, जिभेला नाही. म्हणून पेशंट 'टोचतंय' म्हणाला की वाद घालायचा नाही, मुकाट्याने घासायचं, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

माझ्या वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. वय सत्त्याऐंशी. मिसरूड फुटायच्या वयात ते अंथुर्ण्याहून, म्हणजे आमच्या गावाहून, मुंबईला गेले आणि पुढे विमानतळावर लागले. काय म्हणून लागले, हे मी बरीच वर्षं लोकांना नीट सांगत नव्हतो. 'वडील विमान कंपनीत होते' एवढं म्हणायचं आणि चहा मागवायचा. समोरचा आपल्या मनाने त्यांना मेकॅनिक करायचा, एकदोघांनी तर थेट पायलट करून टाकलं, आणि मी ते खोडलं नाही. तात्या हमाल होते. विमानात सामान चढवायचं, उतरवायचं, आणि प्रवाशांसाठी दाराला शिडी लावून ती धरून उभं राहायचं. मला त्याची लाज वाटायची, दुसरं काही कारण नव्हतं.

लहानपणी आई, माझी थोरली बहीण आणि मी अंथुर्ण्याला राहायचो. तात्या सुटीला आले की मी पहिलं विचारायचो, मला विमानात कधी बसवणार? ते म्हणायचे, "बसवीन की. डकोटात बसवीन. शिडी मीच लावतो, माझ्या पोराला कोण आडवतंय?" डकोटा म्हणजे दोन पंख्यांचं, शेपटीवर बसलेलं जुनं विमान. तोंड वर आभाळाकडे आणि बूड जमिनीला टेकलेलं. मी चौथीत होतो, आणि हे सगळं मी वर्गात सांगून बसलो. पुढे डकोटा बंद झाली, मोठी विमानं आली, त्यांना मोठ्या शिड्या आल्या, आणि तात्यांनी तो विषय काढणं सोडलं. पोरं मात्र दहावीपर्यंत विचारत होती, "काय रं, बसलास का न्हाय इमानात?"

तात्या निवृत्त होऊन अंथुर्ण्याला आले, आई होती तोवर दोघं तिथेच राहिले. आई गेली, मग काचबिंदूने तात्यांची दृष्टी हळूहळू खाल्ली. उरलीसुरली नजर तीन वर्षांपूर्वी गेली तेव्हा मी त्यांना बारामतीला आणलं. अंगणात शेवग्याखाली त्यांची खुर्ची असते. बारामतीवरून दिवसभर पायलटच्या शाळेची शिकाऊ विमानं फिरत असतात, आम्हाला त्यांचा आवाज ऐकूही येत नाही इतकी सवय झाली आहे. तात्यांना ऐकू यायचा. "एका इंजनाचं हाय," ते म्हणायचे. "आता वळतंय. नवशिका दिसतोय." आमच्या घरात हवामानाच्या बातम्यांसारख्या या बातम्या रोज चालायच्या.

गेल्या वर्षी त्या बंद झाल्या. एके दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेलो, डोक्यावरून विमान गेलं आणि तात्या गप्पच. मीच म्हटलं, "तात्या, एका इंजिनाचं ना?"

"आसंल," ते म्हणाले. कप हातात घेतला. मग बोलायला लागले. "डोळं गेलं त्याचं मला काय न्हाय वाटत. वय झालं, जायाचंच. पण आतनं दिसायचं रं सगळं. डकोटा तर अशी हुबी ऱ्हायाची म्होरं. आता बघाया गेलं तर तोंड दिसतं, शेपूट दिसतं, अन् मधलं पुसत चाललंय."

"मधलं म्हणजे?"

"दार," तात्या म्हणाले. "माझं सगळं दारापाशीच झालं की. त्येच दिसंना झालंय. एकदा हातानं बघाया मिळालं असतं तर बसलं असतं पुन्हा डोस्क्यात." एवढं बोलून ते चहा प्यायले. दात नव्हतेच, कारण मी करून दिलेली कवळी ते लावत नसत. टोचते म्हणायचे. दोन तालुक्यांना दात पुरवणारा मी, आणि माझा बाप भाकरी दुधात कुस्करून खातो! हा वेगळाच राग माझ्या मनात होता.

पण त्या दुपारी राग नव्हता. मी पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीला फोन केला आणि म्हटलं, डकोटा विमानाचं जोडायचं मॉडेल कुठे मिळतं ते बघ. दहा-बारा दिवसांत खोकं आलं. खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीस पट लहान, जोडल्यावर पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फूट. हाताने बघायला अगदी बेताचं. अडचण एकच होती. ते लष्करी डकोटाचं किट होतं, युद्धात माल आणि सैनिक नेणाऱ्या विमानाचं. तात्यांची डकोटा प्रवासी. म्हणजे नुसतं जोडून भागणार नव्हतं, लष्करी विमानाचं प्रवासी विमान करायला लागणार होतं.

आता मी काय केलं ते ऐका. दार हेच महत्त्वाचं आहे हे मला पक्कं कळलं होतं, म्हणून दाराचा मी सगळ्यात जास्त अभ्यास केला. इंटरनेटवर फोटो पाहिले. मॉडेलं करणाऱ्या लोकांचा एक ग्रुप आहे, तिथे विचारलं. एका जाणकाराने सविस्तर लिहिलं की प्रवासी डकोटाला छोटं दार असतं आणि ते उजव्या बाजूला असतं. डावीकडचं मोठं दुहेरी दार लष्करी मालाचं, ते बुजवून टाका. मी त्याचे आभार मानले. जगात सगळ्यांना विचारलं, फक्त शेवग्याखाली बसलेल्या माणसाला विचारलं नाही. त्यांना चकित करायचं होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो.

काम मात्र झकास चाललं. लॅबमध्ये दुपारी कुणी नसतं, तेव्हा मी विमान काढून बसायचो. दातांची हत्यारं विमानाला इतकी चालतात की बस! मेण कोरायची सुरी, दात घासायची बारीक मायक्रोमोटर, पॉलिशचे बुरूश. सैनिकी खिडक्यांना मधोमध गोल भोक होतं, बंदुकीची नळी बाहेर काढायला. त्या खिडक्या काढून मी पारदर्शक ॲक्रिलिकच्या नव्या बसवल्या. मेणाची एक खुर्ची कोरली, तिचा रबरी साचा घेतला आणि साच्यातून अठ्ठावीस खुर्च्या ओतल्या. सगळ्या गुलाबी, कारण माझ्याकडे साठा हिरड्यांच्या रंगाचाच. नंतर निळा रंग दिला.

डावीकडचं मोठं दारही मी त्याच गुलाबी ॲक्रिलिकने बुजवलं. पणदऱ्याचे एक निवृत्त गुरुजी तुटलेली कवळी घेऊन आले होते, ते टेबलावर वाकून बघत राहिले. "अहो, विमानाला हिरड्या फुटल्या की!" ते म्हणाले. "दात कधी येतायत?"

"तुमचे आले की त्याचे," मी म्हटलं. आतून बायको ओरडली, "गुरुजी, चार वेळा आठवण केल्याशिवाय सोडू नका हं त्यांना! हल्ली माणसांचे दात मागं आणि विमान पुढं चाललंय." गुरुजी हसले, पण जाताना खरोखर चार वेळा आठवण करून गेले.

त्या जोडावर मी जेवढा जीव लावला तेवढा कुणाच्या तोंडातल्या जोडावर लावला नसेल. आधी जाड सँडपेपरने घासला, मग बारीकने, मग तोच ओला करून, शेवटी पॉलिशच्या पावडरने. डोळे मिटून बोट फिरवलं तर दार कुठे होतं ते मलाच कळेना. उजवीकडे छोटं दार कापलं, बसवलं. वरून पांढरा रंग, खिडक्यांच्या रांगेतून एक निळा पट्टा. दोन महिने गेले त्यात. विमान टेबलावर ठेवून मी लांबून पाहिलं आणि खरं सांगतो, स्वतःवर खूश झालो.

रविवारी सकाळी तात्यांची अंघोळ झाली, बुद्धवंदना झाली, मग मी त्यांना म्हटलं, "तात्या, हात पुढं करा." अंगणात स्टुलावर विमान ठेवलं होतं. बायको दारात येऊन उभी राहिली.

तात्यांनी पहिल्यांदा नाकावर हात ठेवला. "हां," म्हणाले. मग दोन्ही हात दोन्ही पंखांवर एकदम गेले, इंजिनं सापडली, पंखे सापडले. एक पंखा त्यांनी बोटाने फिरवला आणि तोंडाने घर्रर्र केलं. "आयला, डकोटाच की! कुठनं आणलीस?" मी म्हटलं, मी केली. "तू? दातं करता करता?" त्यांचं तोंड इतकं फुललं की मी बायकोकडे बघितलं, बघ म्हणून. हात खिडक्यांवरून मागे सरकत गेला. एक, दोन, तीन, ते पुटपुटत मोजत होते. शेवटच्या खिडक्यांपाशी हात थांबला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"हितं काय झालं?"

"काय झालं?"

"दार कुठं हाय?"

मी मोठ्या तोऱ्यात त्यांचा हात धरला आणि उजव्या बाजूला नेला. "हे बघा. प्रवासी विमानाला दार इकडं असतं."

"तिकडं न्हाय," तात्या म्हणाले. "शिडी डाव्या अंगाला लागायची. अन् दार मोठ्ठं हुतं."

"तात्या, मोठं दार लष्करी विमानाला असतं. तुमचं प्रवासी होतं ना? मी दोन महिने अभ्यास केलाय याचा."

त्यांचा हात पुन्हा डावीकडे आला. बोटं त्या गुळगुळीत जागेवरून फिरत होती, एखादी फट, एखादी रेघ शोधत होती. सापडणार कशी? ती सापडू नये म्हणून मी आठ दिवस घासत बसलो होतो. हळूहळू त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं.

"आसंल," ते म्हणाले. "तू वाचलंयस. मग माझंच गेलं म्हणायचं. दार बी गेलं." आणि त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. त्यांना मी दार परत द्यायला निघालो होतो आणि होतं तेही काढून घेतलं.

हे आज कळतं. त्या दिवशी मला नुसता राग आला. लॅबमध्ये जाऊन मी आदळआपट केली. दोन महिने राबलो, आणि यांचं आपलं भलतंच! बायको मागोमाग आली. ती सहसा शांत असते, पण त्या दिवशी नव्हती.

"एक विचारू? ज्या माणसाचा जन्म त्या दाराला शिडी लावण्यात गेला, त्याला तुम्ही दार कुठं असतं ते शिकवताय?"

"अगं, इंटरनेटवर स्पष्ट लिहिलंय..."

"इंटरनेट गेलं होतं का शिडी लावायला?"

मी अजून चिडलो आणि विमान उचलून कपाटावर ठेवून दिलं.

पुढचे चार-पाच दिवस वाईट गेले. तात्या खुर्चीत बसायचे, पण मान खाली. विमान गेलं तरी वर करायचे नाहीत. जेवण अर्धं राहायला लागलं. मी विचारलं, तात्या, काय होतंय? तर म्हणाले, "काय न्हाय. डोस्कं काम करंना. तू म्हणतोस तसंच आसंल." माझ्या बापाने आयुष्यात कधी 'तू म्हणतोस तसंच' म्हटलं नव्हतं. आमची सगळी हयात भांडण्यात गेली. ते भांडायचे थांबले तेव्हा माझा धीर सुटला.

त्या आठवड्यात इंदापूरला एका डॉक्टरकडे तयार कवळ्या पोचवायच्या होत्या. एसटीने गेलो. वाटेत अंथुर्ण्याचा स्टॉप आला, दोघं उतरली, गाडी पुढे निघाली, आणि तेवढ्यात मला फोटोची आठवण झाली. तात्यांचा एकच जुना फोटो आहे, विमानतळावरचा, आणि तो माझ्या बहिणीकडे इंदापूरला असतो. तिने लग्नात हट्टाने मागून नेला होता.

कवळ्या दिल्या आणि बहिणीकडे गेलो. फोटो तिच्या पुढच्या खोलीत, खिडकीच्या वर. सहा माणसं खाकी कपड्यांत उभी आहेत, कडेला तात्या, तेव्हाचे तिशीतले, ताठ. हा फोटो मी लहानपणापासून हजारदा पाहिला असेल. पण मी कायम तात्यांचं तोंड पाहिलं, त्यांचे खाकी कपडे पाहिले आणि नजर काढून घेतली. मी फोटो उतरवून उजेडात नेला आणि खिशातलं भिंग काढलं. दातांना बघायला मी ते जवळच ठेवतो.

विमानाचं तोंड फोटोच्या डावीकडे होतं, म्हणजे दिसत होती ती विमानाची डावी बाजू. आणि माणसांच्या मागे दार होतं. मोठ्ठं, दोन फळ्यांचं. त्यातल्या पुढच्या फळीत एक छोटं दार होतं, वाड्याच्या मोठ्या दरवाजात दिंडी असते तसं. छोटं दार उघडं होतं, त्याला चार पायऱ्यांची शिडी लावली होती, आणि तात्यांचा एक हात त्या शिडीवर होता. फोटो काढतानाही त्यांनी ती सोडली नव्हती.

"काय बघतोयस एवढं?" बहिणीने चहा ठेवत विचारलं.

"दार."

"दार व्हय? ते तर पहिल्यापासनं हाय की तितं," ती म्हणाली. माझे डोळे भरून आले. तिने फोटो टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, काम झालं की परत आण.

बारामतीत उतरलो तो घरात न जाता थेट शेवग्याखाली गेलो. "तात्या, दार डावीकडंच आहे. मोठंच आहे. मी फोटो बघून आलो. माझं चुकलं." साठीला आलो तरी हे शेवटचं वाक्य मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

तात्यांची मान वर झाली. "मोठ्यात छोटं?"

"हो. मोठ्यात छोटं."

"अन् कडी?"

"कडी फोटोत दिसत नाही."

"मला ठाव हाय," तात्या म्हणाले. आणि जे बोलायला लागले! लढाई संपल्यावर ती लष्कराची विमानं कंपन्यांनी घेतली, आत खुर्च्या ठोकल्या आणि लोकांना बसवलं. दार तसंच ठेवलं, ते कोण बदलत बसतंय? "माणसं बसली की झालं प्रवासी इमान," तात्या म्हणाले. माणसं छोट्या दाराने चढायची. पेपरचे गठ्ठे, फळांच्या करंड्या, कोंबडीच्या पिल्लांची खोकी आली की मोठं दार उघडायचं. मी परदेशातल्या विमानांचे फोटो बघत बसलो होतो, आणि आमच्या देशातल्या विमानाला ज्याने हात लावला तो माझ्या अंगणात बसून होता. हमालाला दारातलं काय कळतं, असं मला वाटत होतं. सांगायला लाज वाटते, पण मनात तेच होतं.

बोलता बोलता ते अडखळायला लागले. दात नसल्याने शब्द निसटत होते. "कवळी आण," एकदम म्हणाले. "टोचती, पण आण. तुला नीट सांगाया पायजे."

मी कवळी आणली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन वर्षं हा माणूस 'टोचतंय' म्हणतोय आणि दोन वर्षं मी त्याला सांगतोय की टोचणं शक्यच नाही, मी केलीय, सवय होईल. दुसऱ्या कुठल्या पेशंटला मी असं बोललो असतो का? "तात्या, कुठं टोचतं? बोट ठेवा," मी म्हटलं. त्यांनी लगेच ठेवलं, खाली उजवीकडे, आतल्या बाजूला. भिंग लावून पाहिलं. तिथे होती, केसाएवढी धार. मायक्रोमोटरने घासायला अर्धं मिनिट लागलं. तात्यांनी कवळी बसवली, जबडा दोनदा हलवला आणि म्हणाले, "आता न्हाय टोचत." त्या दिवशी त्यांनी भाकरी न कुस्करता खाल्ली आणि बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी लॅबमध्ये दोन खुर्च्या. पांढऱ्या रंगावर करवतीची चकती टेकवताना मी ती दोनदा मागे घेतली, कारण आत माझाच तो न दिसणारा जोड होता. तात्या शेजारी बसून हुकूम सोडायचे. "आजून मागं. आजून. ती खिडकी सोड. हां, हितनं." मी कापायचो, ते बोट फिरवून तपासायचे. "वरची कड सरळ न्हाय, गोल हाय जरा." मी फोटो बघायचो, तर खरंच जराशी गोल. एकदा मी म्हटलं, "तात्या, एवढं कुणाला कळणार आहे?" ते म्हणाले, "मला." मग आमचं भांडण झालं, चांगलं घसघशीत, कडीच्या जागेवरून, आणि बायको आतून म्हणाली, "आलं बाई एकदाचं घर ठिकाणावर."

उजवीकडचं छोटं दार बुजवलं. या वेळी जोड फार घासला नाही, अंगठ्याला लागतो अजून. शिडी दातांच्या तारेची केली, चार पायऱ्या, वर दोन आकडे. खऱ्या शिडीचे आकडे दाराच्या उंबऱ्यात अडकायचे, तसे हेही अडकतात. आकड्यांना वाक किती द्यायचा ते तात्यांनी स्वतः तार वाकवून दाखवलं.

शेवटचा हात फिरवायचा दिवस आला. सकाळचं ऊन होतं, स्टूल पुन्हा शेवग्याखाली. मी विमान ठेवलं आणि या वेळी तोंडातून एक शब्द काढला नाही. तात्यांचा हात नाकावरून निघाला, इंजिनं, पंख, खिडक्या, एक, दोन, तीन. दारापाशी आला. मोठ्या दाराच्या कडेवरून त्यांनी अंगठा सगळीकडून फिरवला. मग छोट्या दारावर आले, ते उघडं ठेवलं होतं, त्यात करंगळीचं टोक घातलं. "आरं, खुर्च्या हायत की आत!"

"अठ्ठावीस आहेत," मी म्हटलं.

"बरोबर हाय," तात्या म्हणाले. "दिसलं. सगळं दिसलं आता." आणि ते हसले. सबंध बत्तिशी दिसली, माझीच. डोक्यावरून तेवढ्यात एक विमान गेलं. "एका इंजनाचं," त्यांनी मान वर न करता सांगितलं.

मग त्यांनी शिडी मागितली. मला वाटलं मी लावून द्यावी, बारीक काम, म्हणून पुढे झालो, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. डाव्या हाताच्या बोटाने उंबरा चाचपला, उजव्या हाताने शिडी वर नेली आणि दोन्ही आकडे एका दमात अडकवले. पन्नास वर्षांनी. मला डोळे असून तीनदा प्रयत्न करावा लागतो. शिडीच्या बुडाशी त्यांनी दोन बोटं दाबून धरली आणि तसेच बसून राहिले.

"लागली, तात्या," मी म्हटलं. "सोडा आता."

"सोडायची नसती," ते म्हणाले. "माणूस चढल्याबिगर सोडायची नसती." माझ्या दिशेला तोंड वळवलं, थोडं बाजूलाच गेलं, पण मला कळलं. "चल. किती वर्षं झाली, म्हणतोयस बसवा, बसवा. चढ. मी धरलीया."

मी माझी दोन बोटं खालच्या पायरीवर ठेवली, एक उचललं, मग दुसरं, आणि चढलो.